फाशी, इंजेक्शन की गोळी? कमी वेदनेचं मरण खरंच असतं का?

सीबीएसचा टायपिस्ट (रात्री ११.२०)

नमस्कार मंडळी. मी नाशिकला जिल्हा न्यायालयाच्या आवारात टायपिंग करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज. सव्वीस वर्षं झाली. आधी रेमिंग्टन होतं, आता संगणक. कायदा शिकलेलो नाही, पण कायद्याचा कागद रोज हाताखालून जातो.

मुलगी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा आहे. विषय असा: गळफास देऊन मृत्युदंड ही पद्धत क्रूर आहे का, आणि तिच्या जागी दुसरी आणावी का. मृत्युदंड असावा की नसावा हा वाद त्यात नाही, फक्त पद्धत. तिच्या वाट्याला सरकारी बाजू आलीय, म्हणजे दोरच योग्य आहे असं तिला मांडायचंय. परवा जेवताना तिने विचारलं, "पप्पा, दोराने माणूस किती वेळात मरतो?" माझा घास हातातच राहिला.

तिच्या टिपणांवरून मला जे कळलं ते लिहितो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४(५) मध्ये आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९३(५) मध्ये एकच वाक्य आहे, मरेपर्यंत गळ्याला फास. १९८३ साली दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेला धरून आहे असं ठरवलं. तेव्हा सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. २००३ मध्ये विधी आयोगाने १८७ व्या अहवालात इंजेक्शनचा पर्याय ठेवा अशी शिफारस केली. २०१७ मध्ये नवी याचिका आली, आणि मार्च २०२३ मध्ये ती ज्या खंडपीठापुढे निघाली त्याचे प्रमुख होते धनंजय चंद्रचूड, म्हणजे मुलगा. त्यांनी सरकारला विचारलं की गळफासाने किती वेदना होतात, किती वेळ लागतो, याची शास्त्रीय माहिती आहे का.

मलाही तेच विचारायचंय. २० जानेवारी २०१८ ला सोनईच्या तिघा तरुणांच्या हत्येचा निकाल आमच्याच कोर्टात लागला. सहा जणांना फाशी. आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. "बरं झालं" असं मीही म्हणालो आणि आजही मला त्याबद्दल वाईट वाटत नाही. त्या वेळी माझ्या टेबलासमोर दिंडोरीकडचे एक म्हातारबा बसलेले, सातबाऱ्यावर नाव लावायला आलेले. त्यांनी विचारलं, "फाशी हितंच देत्यात का?" मी म्हटलं, नाही बाबा. "मग कुठं? अन् कशी?" मला धड सांगता आलं नाही. जो शब्द मी इतक्या वेळा टाइप केलाय, त्याच्या आत काय आहे ते मला माहीत नाही.

कोणी जवळून पाहिलंय, शिकलंय, तर सांगा. फक्त राजकारण नको.

जेलरोडकर (दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.०५)

तुमच्या त्या म्हातारबांचं उत्तर माझ्याकडे आहे. इथं देत नाहीत. नाशिकरोडचं कारागृह मध्यवर्ती असलं तरी फाशीची सोय महाराष्ट्रात दोनच ठिकाणी, येरवडा आणि नागपूर. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात दिली, याकूब मेमनला ३० जुलै २०१५ ला नागपुरात.

मी कारागृह खात्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. चार वर्षं येरवड्याला होतो, त्यातले काही महिने फाशी यार्डावर. प्रत्यक्ष फाशीला मी हजर नव्हतो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणी तिखटमीठ लावायला नको.

पद्धत पुस्तकात लिहिलेली असते. आधी बंद्याचं वजन घेतात. त्याच्या दीडपट वजनाचं वाळूचं पोतं दोराला लावून खटका ओढून पाहतात. वजन कमी असेल तर दोर जास्त सोडायचा, वजन जास्त असेल तर कमी. साधारण सहा ते आठ फुटांच्या मधला हिशेब असतो. दोर बहुतेक वेळा बिहारमधल्या बक्सर जेलचा, तिथं तो कैदीच वळतात. गाठ जबड्याच्या बाजूला यायला पाहिजे. खटका पडला की मानेला झटका बसून वरचा मणका तुटतो आणि शुद्ध तिथल्या तिथं जाते, असं आम्हाला शिकवलं. अर्धा तास देह तसाच ठेवतात, मग डॉक्टर तपासतात.

हिशेब चुकला तर दोन्ही बाजूंनी वाईट. दोर तोकडा पडला तर माणूस घुसमटतो, फार सुटला तर मुंडकं वेगळं होतं. इराकमध्ये जानेवारी २००७ मध्ये सद्दामच्या सावत्र भावाचं तेच झालं.

पण ताईला माझ्याकडून एक सांगा. दोर, इंजेक्शन, गोळी यांतला फरक मिनिटांचा आहे. मी जे पाहिलं ते वर्षांचं होतं. यार्डात एक बंदी होता, नाव नको. रोज पहाटे चारला उठायचा, गार पाण्याने अंघोळ करायचा, धुतलेले कपडे घालून दाराकडे तोंड करून बसायचा. कारण न्यायचं असलं तर पहाटेच नेतात. उजाडून बाहेर पक्ष्यांचा गलका सुरू झाला की तो आडवा व्हायचा आणि गाढ झोपायचा. कोणी त्याला तारीख दिलेली नव्हती. अर्ज राष्ट्रपतींकडे पडून होता. माझ्या पहाटेच्या पाळीत चावीचा आवाज होऊ नये म्हणून मी जुडगा मुठीत आवळून चालायचो. एकदा हातातून निसटला, फरशीवर पडला. तो उभा राहिला आणि दोन्ही हात मागे घेऊन वळला, बांधायला सोपं जावं म्हणून. मी म्हटलं, अरे काही नाही, चावी पडली. तो दिवसभर जेवला नाही.

२०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान निकालात सांगितलं की दयेच्या अर्जाला विनाकारण उशीर झाला तर फाशी रद्द होऊन जन्मठेप होऊ शकते. लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींची फाशी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने याच कारणाने जन्मठेपेत बदलली. पुण्याच्या बीपीओ खटल्यातल्या (तिथे काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार आणि खून) दोघांचीही २०१९ मध्ये तशीच, पस्तीस वर्षांवर आली. त्यांनी केलेलं भयंकरच होतं, त्यात शंका नाही. मी फक्त कोर्टाने उशिराला काय म्हटलं ते सांगतोय.

पंचवटीतला मास्तर (सकाळी ९.४०)

जेलरोडकर, तुमचं लिखाण दोनदा वाचलं.

इतिहासातलं थोडं घालतो. आपल्याकडे कडेलोट होता, सुळी देणं होतं, हत्तीच्या पायी देणं होतं, इंग्रजांनी १८५७ नंतर तोफेच्या तोंडी दिलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान: लोकांनी बघावं म्हणून ते उघड्यावर होतं. फाशीही पूर्वी तशीच, कमी उंचीवरून, म्हणजे माणूस कितीतरी मिनिटं तडफडायचा. १८७२ मध्ये विल्यम मारवुड नावाच्या इंग्रजाने, तो मूळचा चांभारकाम करणारा, वजनाप्रमाणे दोर लांब सोडायची पद्धत आणली. जेलरोडकरांनी सांगितलेल्या कोष्टकाचं मूळ तिथे आहे. फ्रान्सात १७८९ ला डॉ. गियोतँ यांनी सर्वांना सारखं आणि यंत्राने मरण द्या असं मांडलं, २५ एप्रिल १७९२ ला ते पातं, म्हणजे गिलोटिन, पहिल्यांदा पडलं आणि १९७७ पर्यंत पडत राहिलं. अमेरिकेत विजेची खुर्ची आली तीही दोरापेक्षा दयाळू म्हणूनच. ६ ऑगस्ट १८९० ला पहिल्याच माणसाला, विल्यम केमलरला, पहिला झटका पुरला नाही, तो श्वास घेत होता, दुसरा द्यावा लागला.

आपल्या गावाचं सांगायचं तर २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली गेली आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे फासावर गेले. चार महिन्यांत सगळं आटोपलं. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. दर वर्षी एप्रिलमध्ये मी वर्गात हे सांगतो, आणि दर वर्षी एखादं पोर विचारतंच, "सर, त्यांना दुखलं असेल का?" मी आजवर "ते हसत गेले" असं सांगून वेळ मारून नेली. हा धागा वाचताना ते मला बरोबर वाटत नाहीये.

भूलवाल्या बाई (दुपारी ३.१५)

टायपिस्ट दादा, मी भूलतज्ज्ञ आहे, एकतीस वर्षं नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत भूल देतेय. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्या कामाचा आहे, म्हणून लांबलचक लिहिते. तिला छापून द्या.

इंजेक्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशनचं टेबल येतं. डॉक्टर गोड बोलतात, सुई टोचतात, डोळे मिटतात. टेक्सासमध्ये ७ डिसेंबर १९८२ ला पहिल्यांदा इंजेक्शनने मृत्युदंड दिला गेला, तेव्हा पहिलं औषध होतं थायोपेंटोन. आम्ही त्याला पेंटोथाल म्हणायचो. पिवळसर भुकटी असायची, पाण्यात विरघळवून भरायची. शिरेत गेल्यावर काही पेशंट "लसणाचा वास येतोय" असं म्हणत म्हणत झोपायचे. माझी पहिली दहाबारा वर्षं त्याच औषधावर गेली, त्यामुळे त्याबद्दल मला एक प्रकारची आपुलकी आहे. आणि त्याचाच असा उपयोग झाला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं.

ते पहिलं औषध झोपेचं. दुसरं स्नायू लुळे करणारं, पॅनक्युरोनियम. तिसरं हृदय थांबवणारं, पोटॅशियम क्लोराइड. तिसऱ्याबद्दल कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला विचारा. भरपूर सलाइनमध्ये मिसळून दिलेलं असलं तरी जरा वेग वाढला की पेशंट "हात जळतोय" म्हणून ओरडतो. तेच औषध घट्ट स्वरूपात शिरेत जातं. म्हणजे पहिल्या औषधाने माणूस खरोखर गाढ झोपला असेल तरच हे सगळं सुसह्य.

आता दुसऱ्याचा विचार करा. ते झोप आणत नाही, वेदना कमी करत नाही. ते फक्त स्नायू बंद करतं. पापणी हलत नाही, बोट हलत नाही, छाती हलत नाही. आत काय चाललंय ते चेहऱ्यावर उमटायची वाटच बंद होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नव्वदच्या दशकात एका छोट्या खासगी रुग्णालयात मी पित्ताशयाच्या ऑपरेशनला भूल दिली. सिन्नरकडच्या बाई, चाळिशीच्या. स्नायू शिथिल करायचं औषध दिलेलं, आणि झोप टिकवणारा वायू मशीनच्या ज्या भागातून येतो तो रिकामा होत आला होता. मी वेळेवर पाहिलं नाही. नाडी वाढली, रक्तदाब वाढला, डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तर त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही अन् सर मुलाच्या शाळेच्या फीचं बोलत होता. मी ओरडत होते, पण तोंडच माझं नव्हतं." मी त्यांच्या पलंगाशी बसून माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला, उलट मलाच धीर दिला. ती माझी चूक होती. आज प्रत्येक केसच्या आधी मी तो वायूचा भाग दोनदा पाहते, माझ्या हाताखालच्या मुलांनाही दोनदा पाहायला लावते.

माझ्या पेशंटशेजारी मी बसलेली होते, नाडीवर नजर होती, तरी हे घडलं. मृत्युदंडाच्या खोलीत पहिलं औषध कमी पडलं, शिरेबाहेर गेलं, तर दुसऱ्या औषधामुळे कोणालाच कळणार नाही. काचेपलीकडे बसलेल्यांना शांत झोपलेला माणूस दिसेल. मग ते दुसरं औषध कुणासाठी आहे? मरणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. ते बघणाऱ्यांसाठी आहे. माझी एक मैत्रीण पशुवैद्य आहे. ती म्हणते, आजारी कुत्र्याला शांतपणे निरोप द्यायचा असतो तेव्हा झोपेच्या औषधाबरोबर स्नायू लुळे करणारं औषध मिसळायचं नाही, अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही ते नामंजूर आहे.

दुसरी अडचण शिरेची. घाबरलेल्या, पाणी न प्यायलेल्या, पूर्वी नशेची इंजेक्शनं घेतलेल्या माणसाची शीर सापडत नाही. मला एकतीस वर्षांनंतरही कधी कधी तीन तीनदा टोचावं लागतं. ओक्लाहोमात २९ एप्रिल २०१४ ला क्लेटन लॉकेटच्या जांघेत सुई घातली आणि वर चादर टाकली. औषध शिरेऐवजी मांसात जात राहिलं. बेशुद्ध आहे असं जाहीर केल्यावर तो तडफडला, बोलायचा प्रयत्न केला. सुरुवातीपासून मरेपर्यंत ४३ मिनिटं.

मग अनुभवी डॉक्टर का नेमत नाहीत? कारण आम्ही नाही म्हणतो. फेब्रुवारी २००६ मध्ये कॅलिफोर्नियात मायकेल मोरालेसच्या वेळी कोर्टाने भूलतज्ज्ञ हजर ठेवा म्हणून सांगितलं. दोघे तयार झाले, पण कैदी जागा झाला तर तुम्हाला हस्तक्षेप करावा लागेल हे कळल्यावर दोघेही मागे आले आणि मृत्युदंड थांबला. २०१० मध्ये तिथल्या भूलशास्त्राच्या प्रमाणन मंडळाने स्पष्ट केलं की जो यात भाग घेईल त्याचं प्रमाणपत्र जाऊ शकतं. म्हणजे ज्यांना हे काम नीट येतं ते करणार नाहीत, आणि जे करतील त्यांना ते नीट येत नाही. हा पेच कुठल्याही देशात सुटलेला नाही, आपल्याकडे कसा सुटेल? कारागृहाचे डॉक्टर आज मरण तपासतात, उद्या सुई त्यांच्याच हातात येईल. मला कोणी सांगितलं तर मी नोकरी, नोंदणी, काय हवं ते सोडीन, पण ते करणार नाही.

औषध बनवणारेही मागे सरले. पेंटोथाल बनवणाऱ्या अमेरिकेतल्या एकमेव कंपनीने २०११ मध्ये उत्पादन बंद केलं. मग नेब्रास्का राज्याने ते कुठून घेतलं? मुंबईतल्या एका कंपनीकडून. ते उघड झाल्यावर त्या कंपनीने यापुढे या कामासाठी विकणार नाही असं जाहीर केलं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की हा विषय सातासमुद्रापलीकडचा नाही.

अमेरिकेतल्या ॲम्हर्स्ट कॉलेजचे प्राध्यापक ऑस्टिन सारात यांनी १८९० ते २०१० मधल्या ८,७७६ मृत्युदंडांचा अभ्यास केला. सगळे मिळून तीन टक्के बिघडले. फाशीतही तीनच टक्के. इंजेक्शनमध्ये मात्र सात टक्क्यांच्या वर. सगळ्यात आधुनिक, सगळ्यात दवाखान्यासारखी दिसणारी पद्धत सगळ्यात जास्त वेळा चुकली. गोळी घालून दिलेल्या ३४ पैकी एकही नाही. आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठं बोलू नये, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते पटतं: हृदयच फुटलं तर काही सेकंदांत मेंदूचा रक्तपुरवठा बंद. दक्षिण कॅरोलिनात मार्च २०२५ मध्ये ब्रॅड सिग्मनने स्वतः इंजेक्शन नाकारून गोळी निवडली. आपल्याकडेही लष्करी कायद्यात गोळीची तरतूद आहे. तरी गोळी म्हटलं की आपण शहारतो, कारण रक्त दिसतं.

नायट्रोजनचंही कोणी काढेल म्हणून लिहिते. अलाबामात केनेथ स्मिथला नोव्हेंबर २०२२ मध्ये तासभर शीर सापडली नाही आणि परत कोठडीत नेलं. मग २५ जानेवारी २०२४ ला मुखवट्यातून नायट्रोजन दिला. सरकार म्हणालं होतं काही सेकंदांत शुद्ध जाईल. साक्षीदारांनी त्याला कित्येक मिनिटं आचके देताना पाहिलं. कोंडलेल्या श्वासाची भीती काय असते हे मी दम्याच्या पेशंटच्या डोळ्यांत रोज पाहते.

राहिला दोर. जेलरोडकरांनी शिकवलेलं सांगितलं ते चांगल्या दिवसाचं वर्णन आहे. मणका तुटला आणि मज्जारज्जू फाटला तर शुद्ध जवळजवळ लगेच जाते, हृदय मात्र दहापंधरा मिनिटं धडपडत राहू शकतं. पण प्रत्येक वेळी मणका तुटतो का? ब्रिटनमध्ये पूर्वी फाशी दिलेल्या ३४ जणांच्या सांगाड्यांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मानेचा मणका मोडलेले थोडेच निघाले. बाकीचे कशाने गेले? गळ्याच्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका दाबल्याने. त्यातही अनेकांची शुद्ध लवकर जात असावी, पण "तिथल्या तिथे" हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

आणि आपल्याकडे? शत्रुघ्न चौहान निकालाचा उल्लेख झालाच आहे, त्यातलाच एक परिच्छेद तुमच्या मुलीने शोधून काढावा. २०१४ पर्यंत फाशीनंतर शवविच्छेदन करणं सक्तीचं नव्हतं. त्या निकालाने ते सक्तीचं केलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची इतकी वर्षं आपण "दोराने मरण लगेच येतं" असं म्हणत होतो आणि मान मोडली की नाही हे तपासण्याचं बंधन कुणावरच नव्हतं.

मुलीला सरकारी बाजू मांडायचीय ना? तिने "दोर वेदनारहित आहे" असं बोलूच नये, विरुद्ध बाजू तिथेच पकडेल. तिने म्हणावं की ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९५३ मध्ये इंजेक्शनचा विचार करून ते नाकारलं, डॉक्टरांच्या संघटनेने त्याला ठाम विरोध केला होता, आणि दीना खटल्याच्या निकालात त्या कमिशनचा आधार घेतलेला आहे. दोरामध्ये निदान उपचाराचं सोंग नाही, डॉक्टरचा हात मारण्यासाठी वापरला जात नाही. सरकारच्या बाजूने मला प्रामाणिकपणे दिसणारा मुद्दा एवढाच.

निफाडचा बागायतदार (संध्याकाळी ७.५०)

डॉक्टर मॅडम, तुमचं शिक्षण मोठं आहे, मी द्राक्षबागेतला माणूस. पण एक लिहू द्या. माझ्या चुलतभावाला बांधाच्या भांडणातून कोयत्याने मारलं. तो लगेच गेला नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत सरकत आला होता, मातीत तशी खूण होती. त्याच्या शवविच्छेदनाचा कागद मी वाचलाय, सतरा वार. मारणाऱ्याला जन्मठेप झाली, तो सुटेलही.

इथं वाचतोय की दोराने किती सेकंद लागतात, इंजेक्शनने हात जळतो का. आमच्या माणसाचे सेकंद कोणी मोजले? मला वाईट वाटतंय हे लिहिताना, पण वाटतं ते असंच आहे.

भूलवाल्या बाई (रात्री ९.३०)

दादा, तुमचं वाटणं चुकीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तुम्ही ती खूण पाहिलीत, मी नाही. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोनला असे जखमी माझ्या टेबलावर आलेत, काही गेलेही. त्यांच्या भावांना बाहेर येऊन सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात जड काम आहे.

मी मारणाऱ्याची बाजू घेत नाहीये. माझी भीती वेगळी आहे. मारणारा कोयता हातात घेतो तेव्हा तो एकटा असतो. फाशी देताना ती तुमच्या माझ्या नावाने दिली जाते, म्हणून आत नेमकं काय होतं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. झाकून ठेवलेलं मला नको आहे, मग पद्धत कुठलीही असो.

निफाडचा बागायतदार (रात्री १०.१०)

झाकून नको, हे पटलं. बाकीचं नाही पटलं. पण तुम्ही नीट बोललात. कधी ओझर, पिंपळगावकडे आलात तर बागेत या.

सीबीएसचा टायपिस्ट (तिसऱ्या दिवशी, रात्री १०.४५)

सगळ्यांचे आभार. मुलीने सगळं वाचलं, दोनदा. मग रात्रभर बसून आधीचं टिपण फाडून नवं लिहिलं. "गळफास ही जलद आणि वेदनारहित पद्धत आहे" हे तिचं पहिलं वाक्य होतं, ते गेलं. आता सुरुवात अशी आहे की सरकारकडे २०१४ नंतरचेही शवविच्छेदनाचे अहवाल मोजकेच असणार, कारण त्यानंतर दिलेल्या फाशीही मोजक्याच, आणि ते अहवाल न्यायालयापुढे ठेवायला सरकारने तयार असलं पाहिजे. तिची मैत्रीण म्हणाली, अगं तू सरकारची वकील आहेस. ती म्हणाली, म्हणूनच.

तिचं निवेदन मीच टाइप करून दिलं. छत्तीस पानं. इतक्या वर्षांत कुठल्या कागदावर मी इतका वेळ थांबलो नव्हतो. डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं "उपचाराचं सोंग" तिने तसंच ठेवलंय, कायद्याच्या भाषेत बसत नाही तरी.

जेलरोडकर, ती एक विचारतेय, मीही विचारतो. तो पहाटे चारला उठणारा बंदी, त्याचं पुढे काय झालं?

जेलरोडकर (चौथ्या दिवशी, सकाळी ५.५५)

माझी बदली औरंगाबादला झाली तेव्हा तो तिथंच होता. शेवटच्या पाळीला मी त्याला सांगितलं, उद्यापासून दुसरा शिपाई येईल, चावीचा आवाज झाला तर घाबरू नको. त्याने मान हलवली. पुढचं मी कुणाला विचारलं नाही. येरवड्यात ओळखीचे पुष्कळ होते, एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही.

ताईची स्पर्धा शनिवारी आहे ना? शुक्रवारी संध्याकाळी तिला घेऊन जेल रोडला या. वजन आणि दोराचं ते कोष्टक मी कागदावर मांडून दाखवतो, न्यायाधीशांनी विचारलं तर तिला अडखळायला नको. पाण्याच्या टाकीपासून दुसरी गल्ली, कोणालाही सुभेदाराचं घर विचारा. पहाटेपासून जागाच असतो.